गेतारियात मुक्काम करावा, की दुपारचं जेवून परत यावं?

मुळामुठा | ११ मार्च, रात्री १०:१२

मंडळी, घरात वाद पेटलाय, तुम्हीच सोडवा.

मे अखेरीस आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा आणि माझे आईबाबा, स्पेनच्या बास्क भागातल्या सान सेबास्तियानला चाललोय. पाच रात्री हातात आहेत. त्यातल्या दोन गेतारियाला काढाव्यात असं मला वाटतं. नवरा म्हणतो, तीन हजारही वस्ती नसलेल्या गावात दोन दिवस करायचं काय? पंचवीसेक किलोमीटर तर अंतर. बसने जाऊ, मासा खाऊ, संध्याकाळी परत.

बाबा मूळचे वेंगुर्ल्याचे, मासा म्हणजे जीव की प्राण. आई अंडं खाते, पण मासा-मटण नाही. शिवाय तिचे गुडघे दुखतात. मला वाइनची आवड आहे, इतिहासाचीही थोडीफार. नवऱ्याला फक्त वायफाय लागतं.

कुणी राहिलंय का तिथे?

सुकट_जवळा | ११ मार्च, रात्री १०:३१

वेंगुर्ल्याच्या माणसाला मासे खायला परदेशी नेताय! तुमच्या धाडसाला सलाम. बसलोय वाचत.

खलबत्ता | ११ मार्च, रात्री ११:४८

बिल्बाओला दोन वर्षं होते, गेतारियाला सात-आठ वेळा तरी गेले असेन. माझं मत सरळ आहे, राहा. एक रात्र तरी राहाच.

कारण सांगते. दुपारी एक ते चार गाव माणसांनी फुललेलं असतं. सान सेबास्तियानहून, शेजारच्या झराउत्सहून सगळे जेवायला आलेले असतात. पाच-सहानंतर गर्दी पांगते. मे अखेरीस साडेनऊपर्यंत उजेड असतो. तेव्हा गल्ल्यांत पोरं फुटबॉल खेळतात, म्हाताऱ्या खिडकीतून एकमेकींशी बोलतात, बंदरावर जाळी सांधायचं काम चाललेलं असतं. ते गाव बघायचं असेल तर शेवटच्या बसकडे डोळे लावून चालत नाही.

आता मासा. तिथला राजा टर्बट. आपल्याकडच्या लेप्यासारखा चपटा, पण अंगाने भलताच दांडगा. हॉटेलांच्या शेगड्या रस्त्यावरच असतात, भिंतीला टेकून. अख्खा मासा, डोक्यासकट, कातडीसकट, लोखंडी जाळीच्या चिमट्यात धरतात आणि कोळशाच्या निखाऱ्यावर ठेवतात. भाजताना वरून तेल, व्हिनेगर, मिठाचा हबका. बाकी काही नाही. हळद नाही, लसूण असलीच तर नावापुरती.

टेबलावर आणून वाढपी तो तुमच्यासमोर उघडतो, आणि खरी गंमत तिथे आहे. पाठीची काळी बाजू घट्ट, पोटाची पांढरी बाजू मऊ. गालाचा तुकडा वेगळा, मानेचा वेगळा. परांच्या कडेला जो चिकट भाग असतो तो ओठांना चिकटतो, तो हाताने उचलून चोखायचा. काटे चोखले नाहीत तर वाढपी नाराज होतो, हे मी स्वतः पाहिलंय. १९६४ साली सुरू झालेलं 'एल्कानो' यासाठी नावाजलेलं. २०१४ पासून मिशलिनचा तारा आहे, तेव्हा महिनाभर आधी टेबल धरा. बंदराशी इतरही शेगड्या आहेत, त्यांनाही नावं ठेवायला जागा नाही.

'कोकोचास' मिळालं तर सोडू नका. हेक नावाच्या माशाच्या हनुवटीखालचा मांसल तुकडा. एका माशाला एकच, त्यामुळे महाग.

काटकसर_काका | १२ मार्च, सकाळी ७:०५

खलबत्ताताईंनी किलोचा भाव लिहिला नाही. साहजिक आहे, तो लिहवत नाही.

आम्ही दोघं गेलो होतो. हॉटेलचं नाव देत नाही. वाढप्याने मासा आणून दाखवला, आम्ही माना डोलावल्या. वजन विचारायचं असतं हे कुणी सांगितलं नव्हतं. बिल आलं ते मुंबई-गोवा विमानाच्या दोघांच्या परतीच्या तिकिटापेक्षा जास्त! आणि चव? मीठ आणि धूर. सौ. म्हणाली, "एवढ्या पैशात मालवणात अख्खी होडी भरून आली असती."

मासा वाईट नव्हता. पण त्याला काही *केलेलंच* नव्हतं हो.

सुकट_जवळा | १२ मार्च, सकाळी ७:४०

काका +१००. बाबांच्या खिशात मालवणी मसाल्याची पुडी ठेवा.

खलबत्ता | १२ मार्च, सकाळी ९:१५

काका, काही न करणं हेच तर त्यांचं करणं. आपण बाजारात कल्ले उचलून लाल आहेत का बघतो, डोळे बघतो, पोट दाबतो. ती सगळी पारख त्यांच्याकडे स्वयंपाकाआधीच झालेली असते. मग शेगडीवाल्याचं काम एवढंच, की हाताशी आलेलं बिघडवायचं नाही. आणि तेही सोपं नाही. एवढा जाड मासा काट्यापाशी कच्चा नको, कडेला कोरडा नको. पंचवीस वर्षं शेगडीपुढे उभे असलेले लोक आहेत तिथे.

वजन मात्र आधी विचाराच. त्यात कसला संकोच? तिथले लोकही विचारतात.

रापण | १२ मार्च, सकाळी १०:०२

मी रत्नागिरीचा. माझ्या आजीचं वाक्य: "शिळ्याक मसालो, ताज्याक मीठ." तेव्हा अळणी-बिळणी म्हणणाऱ्यांनी जरा दमाने घ्या.

काटकसर_काका | १२ मार्च, सकाळी १०:१०

आजी रत्नागिरीची आणि वाक्य मालवणीत? आजीने बिल कधी भरलं होतं ते पण सांगा.

मांडव_तासगाव | १२ मार्च, दुपारी १:३३

मी द्राक्ष बागायतदार. वाइन पीत नाही, पण अभ्यास दौऱ्यात तिथल्या बागा बघितल्या म्हणून लिहितो.

तिथली वाइन चाकोली. द्राक्षाच्या मुख्य जातीचं नाव ओंदाराबी झुरी. झुरी म्हणजे पांढरी. बेल्त्सा म्हणजे काळी, तीही थोडी असते. बागा बघून मला घरी आल्यासारखं वाटलं, कारण गेतारियाच्या जुन्या बागा चक्क मांडवावर आहेत! युरोपात बहुतेक ठिकाणी बघावं तर तारेवर कुंपणासारख्या वेली. इथे डोक्याच्या उंचीवर मांडव आणि खाली घड लोंबतात. कारणही आपलंच. समुद्र खेटून, पाऊस बारमाही, हवेत सदा दमटपणा. घड जमिनीजवळ ठेवले तर डाऊनी आणि भुरी हे दोन्ही बुरशीचे रोग लागणार. वर टांगले की खालून वारं खेळतं, पानं लवकर सुकतात. मी तिथल्या माणसाला हातवारे करून भुरी दाखवली, त्याने कपाळावर हात मारला. भाषा लागली नाही.

उतार मात्र भयंकर. आमच्याकडे ट्रॅक्टर जातो, तिथे काही ठिकाणी माणूस जेमतेम उभा राहतो. काढणी हातानेच.

द्राक्षासव | १२ मार्च, दुपारी २:२०

मांडवसाहेब, प्रतिसाद आवडला.

पिणाऱ्यांसाठी पुरवणी. चाकोली हलकी असते, साधारण अकरा टक्क्यांच्या आसपास, चांगलीच आंबट आणि जिभेवर किंचित चुरचुरणारी. बाटली हातभर उंच धरून रुंद, पातळ ग्लासात दोन बोटं ओततात, तेवढीच प्यायची, मग पुन्हा ओतायची. जपून ठेवायची वाइन नव्हे, बहुतेक वर्षाच्या आत संपवतात. पूर्वी ही शेतावरच्या घरांत स्वतःपुरती करायची वस्तू होती. १९८९ साली 'गेतारियाको चाकोलिना' हा प्रदेशाचा अधिकृत शिक्का मिळाला, मग दिवस पालटले.

नुसती प्यायली तर लिंबूपाण्याची आठवण येईल. खारवलेल्या अँचोवीबरोबर घ्या, मग तिचा आंबटपणा कशासाठी आहे ते कळतं. अँचोवी म्हणजे आपल्या मांदेलीच्या भावकीतलीच. गेतारियात त्या मिठात मुरवून, हाताने साफ करून तेलात भरतात. डबे घरी आणता येतात.

बोर्डिंगपास | १२ मार्च, दुपारी ४:५६

एक महत्त्वाची सूचना, स्वानुभवावरून. फ्रान्सच्या बाजूला गेतारी नावाचं गाव आहे, तेही बास्कच, तेही समुद्रावर, आणि बास्क भाषेत त्याचंही नाव गेतारियाच! आम्ही खोली तिकडची घेतली आणि टेबल इकडचं. दुपारभर सीमेच्या या बाजूने त्या बाजूला. बायको अजून नकाशा माझ्या हातात देत नाही.

मुळामुठा | १२ मार्च, संध्याकाळी ६:१८

बोर्डिंगपास, बरं झालं लिहिलंत. नवऱ्याने काल "स्वस्त मिळतंय" म्हणून जी खोली दाखवली ती फ्रान्समधलीच निघाली!

दर्यावर्दी | १२ मार्च, रात्री ९:४४

इतिहासाबद्दल कुणीच लिहीना म्हणून लिहितो.

जगप्रदक्षिणा कुणी केली म्हटलं की आपण मॅजेलन म्हणतो. मॅजेलन २७ एप्रिल १५२१ ला फिलिपिन्समधल्या माक्तानला मारला गेला. उरलेलं जहाज घरी आणलं ते गेतारियाच्या हुआन सेबास्तियान एल्कानोने. १५१९ ला पाच जहाजं आणि अडीचशेच्या आसपास माणसं निघाली. ६ सप्टेंबर १५२२ ला एकटं 'व्हिक्टोरिया' परत आलं, त्यावर अठरा जण.

हा काही धुतल्या तांदळाचा नायक नव्हे. कर्जापायी स्वतःचं जहाज परदेशी सावकारांना देऊन बसला होता. तो गुन्हा, म्हणून माफी मिळेल या आशेने मोहिमेत घुसला. वाटेत मॅजेलनविरुद्धच्या बंडातही होता. पण परतीची वाट बघा. गोवा १५१० पासून पोर्तुगीजांकडे, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्यांची ठाणी. पकडले गेले तर जहाजातल्या लवंगांसकट सगळं जाणार. म्हणून हिंदुस्थानच्या वाऱ्यालाही न फिरकता पार दक्षिणेकडून हिंदी महासागर कापला. उपाशी, गळक्या जहाजावर. नाइलाजाने केप व्हर्दला थांबले तर तिथे कळलं, जहाजावर बुधवार आणि जमिनीवर गुरुवार! पश्चिमेकडे जाता जाता अख्खा दिवस हरवला होता.

राजाने दिलेल्या मानचिन्हात दालचिनी, जायफळ, लवंगा आहेत, वर पृथ्वीचा गोल आणि लॅटिनमध्ये 'प्रिमुस सिर्कुमदेदिस्ती मे'. म्हणजे मला पहिली प्रदक्षिणा तू घातलीस. गावात त्याचे पुतळे आहेत, आणि दर चार वर्षांनी ऑगस्टमध्ये तो परत आल्याचं नाटक गावकरी बंदरावर करतात.

सुकट_जवळा | १२ मार्च, रात्री ९:५९

म्हणजे दिवस चुकल्याने सगळ्यांच्या संकष्ट्या मोडल्या.

दर्यावर्दी | १२ मार्च, रात्री १०:०६

हसू नका, खरंच तीच चिंता होती. शुक्रवारी मांस खाल्लं गेलं, सण भलत्याच दिवशी केले.

प्रत्यय | १३ मार्च, सकाळी ८:२२

थोडं अवांतर. बास्क भाषेचं, म्हणजे एउस्काराचं, जगात कुणाशी नातं सिद्ध झालेलं नाही. तरी मराठी माणसाला तिच्यात एक गोष्ट ओळखीची वाटेल. आपण 'राम आला' म्हणतो, पण 'रामाने आंबा खाल्ला'. तो 'ने' आहे ना, तसाच त्यांच्याकडे 'क' आहे. 'योन एतोरी दा' म्हणजे योन आला. 'योनेक सागारा यान दु' म्हणजे योनने सफरचंद खाल्लं. इंग्रजीवाल्यांना हे शिकताना घाम फुटतो, आपल्याला नाही. फरक एवढाच, की आपला 'ने' मुख्यतः भूतकाळात, त्यांचा 'क' सर्व काळांत.

हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत ही भाषा शाळांतून, पाट्यांवरून हद्दपार केली होती. त्यामुळे 'एस्केरिक आस्को', म्हणजे धन्यवाद, एवढं जरी म्हणालात तरी समोरचा चेहरा खुलतो. आणि गावाला 'टिपिकल स्पॅनिश' म्हणू नका.

साष्टीकार | १३ मार्च, सकाळी ११:१०

अवांतरात माझीही भर, मडगावहून. बास्कमध्ये 'एचे' म्हणजे घर, 'बेरी' म्हणजे नवं. एचेबेरीचं झालं शाव्हिएर, म्हणजे स्पेनच्या नावारा प्रांतातला तो किल्ला, आणि त्यावरून फ्रान्सिस झेवियर. १५०६ साली तिथे जन्मला, १५४२ ला गोव्यात आला, आता बॉम जेझूमध्ये आहे. म्हणजे मुंबईच्या झेवियर्स कॉलेजचं नाव शब्दशः 'नवघर' आहे!

सुकट_जवळा | १३ मार्च, सकाळी ११:२५

नवघर कॉलेज, धोबीतलाव. कट-ऑफ निम्म्यावर येईल.

रापण | १३ मार्च, दुपारी १२:४०

गावाच्या चिन्हात देवमासा आहे ते कुणी सांगितलं नाही. बास्क लोक शतकानुशतकं देवमाशांची शिकार करायचे. किनाऱ्याजवळच्या शेवटच्या काहींपैकी एक १८७८ ला गेतारिया आणि झराउत्सच्या होड्यांनी मिळून मारला. मग मासा कुणाचा यावर दोन गावं भांडली, प्रकरण कोर्टात गेलं, आणि निकालाची वाट बघत मासा सडला. त्याचा सांगाडा सान सेबास्तियानच्या मत्स्यालयात आहे. बाबांना दाखवा. कोकणातल्या जमिनीच्या दाव्यांची आठवण येऊन गहिवरतील.

तुरीची_डाळ | १३ मार्च, दुपारी ३:०४

सगळे मासे-मासे करताय, आईंचं काय? मी शाकाहारी, तीन दिवस मजेत राहिले. बटाट्याचं जाड ऑम्लेट सगळीकडे. गेर्निकाच्या हिरव्या मिरच्या तळून, वर जाडं मीठ. तिखट नसतात, आपल्या भज्यांच्या मिरचीची आठवण येते. इदियासाबाल हे मेंढीच्या दुधाचं चीज, भाजलेली अळंबी, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर. फक्त 'मासा नको' एवढं सांगून भागत नाही, 'हॅम नको, ट्यूना नको' असं एकेक सांगा. कोशिंबिरीत ट्यूना टाकणं त्यांच्या लेखी मांसाहार नाही.

सुईदोरा | १३ मार्च, संध्याकाळी ५:३०

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना मी बालेन्सियागा संग्रहालय सुचवीन. टेकडीवर आहे, पण बाहेर सरकते जिने आहेत. फॅशन डिझायनर क्रिस्तोबाल बालेन्सियागा १८९५ साली याच गावात जन्मला. वडील मच्छीमार, आई शिवणकाम करून घर चालवायची. पॅरिस गाजवलं, दफन मात्र इथेच. संग्रहालय २०११ ला सुरू झालं. आजच्या कंपनीच्या बुटांवरून त्याचं माप काढू नका.

मी तीस वर्षं ब्लाउज शिवते. एका कोटाची बाही बघत मी अर्धा तास उभी होते. कापडाचं सूत आणि खांद्याची गोलाई अशी जुळवलीये की शिवण कुठून कुठे गेली ते दिसत नाही. पहारेकऱ्याला संशय आला असावा, दोनदा चक्कर मारून गेला.

मुळामुठा | १४ मार्च, रात्री ८:५०

सगळ्यांचे आभार. निकाल: दोन रात्री गेतारिया, स्पेनमधलं. नवऱ्याने शस्त्रं खाली ठेवलीत. आल्यावर लिहिते.

मुळामुठा | ९ जून, रात्री ९:३६

आलो! सविस्तर लिहिते, पण आधी भांडते.

त्या सान साल्वादोर चर्चची फरशी उतरती आहे हे तुमच्यापैकी एकानेही का सांगितलं नाही?! आत शिरलो, आईने दोन पावलं टाकली आणि खांब धरला. "मला गरगरतंय गं." मी घाबरले, बाबांनी गोळी काढली, नवरा पाणी शोधायला धावला. एक आजीबाई आल्या, आईकडे बघितलं, हसल्या, आणि हात तिरका करून जमिनीकडे दाखवला. मग नीट पाहिलं तर अख्खी जमीन चढत गेलेली. चर्चच्या पोटातून खाली बंदराकडे बोळ जातो. १३९७ ला गिपुस्कोआ प्रांतातल्या गावांची मोठी सभा इथे भरली होती. ते सगळे तिरकेच बसले असतील का?

आता मासा. टेबल 'एल्कानो'त मिळालं नाही, बंदरावरच्या एका शेगडीवर गेलो. वजन विचारलं (काका, धन्यवाद). बाबा मासा भाजून होईपर्यंत रस्त्यावर शेगडीपाशी उभे, हात मागे बांधून. शेगडीवाला एकदा त्यांच्याकडे बघे, एकदा माशाकडे. एक शब्द नाही दोघांत. मासा उलटायची वेळ आली तेव्हा बाबांनी हनुवटी किंचित हलवली आणि त्याच क्षणी त्याने उलटला. बाबा आता सगळ्यांना सांगतायत की तो त्यांनी भाजला.

सुकट_जवळा, तुम्ही थट्टेत लिहिलंत, पण बाबांच्या खिशात पुडी खरंच होती. मला न सांगता आणलेली. ती उघडली, पण आईच्या ऑम्लेटवर! टर्बटला लावली नाही. काटे असे साफ केले की मांजर उपाशी गेलं असतं. निर्णय विचारला तर म्हणाले, "ताजा होता. पण बांगड्याला हे चालायचं नाही."

आई संग्रहालयात दोन तास. सुईदोराताई, ती बाही तिनेही बघितली. तिचं म्हणणं, आतून अस्तर लावलंय ते दाखवायला हवं होतं.

संध्याकाळी सान आंतोन टेकडीच्या वाटेवर मी आणि नवरा गेलो. लोक तिला उंदीर म्हणतात, झराउत्सच्या बाजूने बघितलं तर खरंच बसलेला उंदीर. पूर्वी ते बेट होतं, नंतर बांध घालून गावाला जोडलं. दुसऱ्या संध्याकाळी नवराच म्हणाला, अजून एक रात्र वाढवता येईल का? खोली शिल्लक नव्हती.

दर्यावर्दी | ९ जून, रात्री १०:०१

फरशीचं लिहिणार होतो, नवघर कॉलेजच्या नादात राहून गेलं. आईंची माफी मागतो.

काटकसर_काका | १० जून, सकाळी ६:५०

बिल किती झालं ते अजून कळलेलं नाही.

मुळामुठा | १० जून, सकाळी ९:१२

काका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. इथे बाबा वाचतात.

रापण | १० जून, सकाळी ९:३०

बांगड्याबद्दल बाबांचं बरोबर आहे.

बोर्डिंगपास | १० जून, दुपारी १:१५

आम्हाला पुन्हा जायचंय, यावेळी बरोबर गावात. जानेवारीत सुट्टी मिळतेय. वेड्यासारखं होईल का?

द्राक्षासव | १० जून, दुपारी २:०८

१७ जानेवारीच्या आसपास जा. सान आंतोनचा दिवस, तेव्हा गेतारियात नव्या चाकोलीची पहिली चव घेतात. टर्बटचा खरा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडावर, पण मासे मिळतीलच. छत्री न्या, आणि नकाशा वहिनींकडेच राहू द्या.